भरली गाडी, चढता घाट

अगं, तुमच्याकडे गाडीवरून सध्या जे चाललंय ना, त्यात तुझं मत कुणी विचारलेलंच नाही. तू तसं म्हणाली नाहीस. पण अर्धा तास सासरे काय म्हणतात, नवरा काय म्हणतो, त्याचा तो गाड्यांतला जाणकार मित्र काय म्हणतो, सगळं सांगितलंस आणि ‘मला अमुक हवं’ हे एकदाही आलं नाही. म्हणून हे तुला एकटीला सांगतेय. घरात बोलशील तेव्हा माझं नाव मध्ये आणू नकोस, नाहीतर ‘ताईने शिकवून पाठवलंय’ व्हायचं.

मला आधी सांग, सोमवार ते शुक्रवार ती गाडी चालवणार कोण? नवऱ्याला कंपनीची बस आहे. सासऱ्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर स्टिअरिंग सोडलंय. म्हणजे मुलांची शाळा, तुझं ऑफिस, सासूबाईंचा फिजिओथेरपिस्ट, सगळं कोथरूडच्या पाच-सात किलोमीटरांत, आणि सगळं तू. शिवाय निम्मा हप्ता तुझ्या पगारातून जाणार. तेव्हा इंजिन लहान की मोठं, हा प्रश्न पुरुषांनी हॉलमध्ये बसून सोडवायचा नाही. त्यात फार काही गूढही नाही. ऐक.

सासरे म्हणतात, डिझेलच हवं, आणि सात माणसांच्या गाडीला दोन लिटरच्या खालचं इंजिन म्हणजे थट्टा. त्यांचं चूक नाही, त्यांच्या डोळ्यांसमोर सुमो आहे. पण १९९४ ची ती सुमो आठव. जवळपास दोन लिटरचं डिझेल इंजिन आणि ताकद सत्तर हॉर्सपॉवरच्याही आत! आज ट्रायबरचं एक लिटरचं तीन सिलिंडरवालं पेट्रोल इंजिन बहात्तर देतं. म्हणून ट्रायबरमध्ये सातजण बसवून तुमच्या गावाच्या वाटेवरचा फोंडा घाट चढायचा का? मुळीच नाही. सीसी जशी फसवते तशी नुसती हॉर्सपॉवरही फसवते. घाटात कामाला येतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ. आणि ती ओढ किती आहे याहून ती किती आरपीएमला मिळते ते जास्त महत्त्वाचं.

तुमच्या यादीतली कॅरेन्सच घे. २०२३ पासून तिच्यात तीन इंजिनं आलेली आहेत आणि तिन्ही दीड लिटरची. साधं पेट्रोल १४४ न्यूटन मीटर देतं, तेही ४,५०० आरपीएमला. टर्बो पेट्रोल २५३ देतं आणि ते १,५०० पासूनच सुरू होतं. डिझेल २५०, तेही १,५०० पासून. कागदावर तिघींची सीसी सारखीच, पण घाटाच्या वळणावर एकीला खालच्या गिअरला टाकून बोंबलवावं लागतं आणि दुसरी तिसऱ्या गिअरमध्ये निमूट चढते. अल्काझारची गंमत तर याहून मोठी. २०२१ मध्ये ती आली तेव्हा पेट्रोलमध्ये दोन लिटरचं इंजिन होतं, १५९ हॉर्सपॉवर आणि १९१ न्यूटन मीटर. २०२३ मध्ये कंपनीने ते काढून दीड लिटरचं टर्बो बसवलं. ताकद १६०, टॉर्क २५३. इंजिन लहान झालं आणि गाडी सरस झाली. हे सासऱ्यांना सांगायचं तर जेवणानंतर सांग, आधी नको.

सीसीचे आकडे रस्त्यावर कमी आणि सरकारी कागदांवर जास्त ठरतात, हेही त्यांना ठाऊक नसेल. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दोन हजार सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. महिन्याभरात महिंद्राने स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० साठी १.९९ लिटरचं इंजिन आणलं. दोन हजारांच्या जरासं खाली, बस. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का पर्यावरण उपकर लावून ती बंदी उठली. ते इंजिन काही घाटाच्या गरजेतून जन्माला आलं नव्हतं. आपल्याकडे दीड लिटरची इतकी इंजिनं दिसतात त्यालाही कराची रेषा कारण आहे. जीएसटीच्या उपकरात दीड लिटरच्या वर गेलं की टक्का वाढायचा. सप्टेंबर २०२५ पासून ती भानगड संपली. आता चार मीटरहून लांब गाडीला, इंजिन दीडचं असो की सव्वादोनचं, सरसकट ४० टक्के. त्यामुळे ‘मोठं इंजिन घेतलं तर टॅक्स जास्त’ हे शोरूममध्ये कुणी म्हणालं तर हसून सोडून दे.

इन्शुरन्सचं मात्र हसून सोडायचं नाही. २०२२ च्या जूनपासूनच्या दरांत थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि १,५०० च्या वर गेलीस की ७,८९७. नव्या गाडीला तीन वर्षांचा एकदम भरायचा असतो, म्हणजे १०,६४० आणि २४,५९६. एवढ्यासाठी गाडी बदलायची नाही, पण ऑन-रोड किमतीचा कागद हातात आला की बघ. आणि डिझेल घेतलंत तर महाराष्ट्रात रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त. दहा ते वीस लाखांच्या गाडीला पेट्रोलवर १२ आणि डिझेलवर १४. अठरा लाखांवर हे छत्तीस हजार होतात. नवऱ्याच्या हिशोबाच्या एक्सेलमध्ये हे आहे का, विचार. नसणार.

आता नवऱ्याचं लाडकं सव्वादोन लिटरचं डिझेल. गाडी उत्तम आहे, माझं काही म्हणणं नाही. एक्सयूव्ही ७०० चं ते इंजिन १८५ हॉर्सपॉवर देतं, ऑटोमॅटिकमध्ये ४५० न्यूटन मीटर. दुपदरी रस्त्यावर कंटेनरला ओव्हरटेक करताना मागे सहा जीव बसलेले असतात, तेव्हा पाय दाबला आणि गाडी गेली, याची किंमत होते. लहान इंजिनाला तिथे आधी विचार करावा लागतो. शंभरच्या वेगाने तास न् तास जायचं तर मोठं इंजिन निवांत फिरतं, आवाज नाही, धाप नाही. दर पंधरवड्याला सातजण घेऊन हायवेला लागणारं घर असतं तर मीच म्हटलं असतं, घे बाई मोठं. आमच्याकडे इनोव्हा क्रिस्टा आहे ती त्याचसाठी. तुझे भाऊजी कामासाठी सारखं सांगली-सोलापूर करतात.

पण तुझे सोमवार ते शुक्रवार आठव. एप्रिल २०२०, म्हणजे बीएस-६ नंतरच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी धरणारा एक फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात. काजळी साठली की ती जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो आणि त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात गाडी पळावी लागते. तू शाळेपर्यंत पोचतेस तोवर इंजिन धड तापलेलंही नसतं. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. दुर्लक्ष केलंस तर गाडी ताकद कमी करून घेते आणि वर्कशॉप दाखवते. यावर उपाय आहे. आठवड्या-दोन आठवड्यांतून तिला कुत्र्याला फिरवून आणावं तसं सातारा रस्त्याने खेड शिवापूरपर्यंत नेऊन आणायचं. रविवारी सकाळी हे कोण करणार? नवरा करीन म्हणेल. जिमचं कार्ड काढतानाही तो असंच म्हणाला होता. डीपीएफचा त्रास दीड लिटरच्या डिझेललाही आहे, त्यात लहान-मोठं नाही. काही गाड्यांत वर ॲडब्लूही भरत राहावं लागतं. विकत घेतानाच विचारून ठेव.

डिझेलच्या बाजूनेही खरं ते सांगते. लिटरमागे ते पेट्रोलपेक्षा तेरा-चौदा रुपयांनी स्वस्त आहे आणि ॲव्हरेज जास्त. टर्बो पेट्रोल तुला शहरात अकरा देईल असं धर आणि डिझेल पंधरा. वर्षाला दहा हजार किलोमीटर झाले तर तीस-पस्तीस हजार वाचतात. तुमचे दहा हजार होतात का? शाळा-ऑफिस धरून, गावाला चार फेऱ्या धरून मोज. माझ्या अंदाजाने जेमतेम. आणि टर्बो पेट्रोलवाल्यांनी ॲव्हरेजचा भरवसा धरू नये. हळू चालवलंस तर ते लहान इंजिनासारखं पितं, दामटवलंस तर मोठ्यासारखं. नवरा चालवेल त्या दिवशीचा आकडा बघू नकोस, उगाच भांडण.

आता खरा मुद्दा, गावाचा. हा तुमच्या घरात कुणी काढलाच नसेल. कणकवलीला जाताना तुम्ही कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर करून फोंडा घाट उतरता. जाताना डिकीत काय असतं? कपडे, चितळ्यांची बाकरवडी. आणि येताना? तांदळाचं पोतं, नारळ, सोलं, मे महिना असेल तर आंब्याच्या पेट्या, आणि सासूबाई नको नको म्हणत असताना कुणीतरी टाकलेला फणस. कोकणातून परतताना गाडी सगळ्यात जड असते आणि नेमका तेव्हाच घाट चढायचा असतो. सात माणसं म्हणजे साडेचारशे किलो, वर सामान शंभरभर. अर्टिगासारख्या गाडीचं स्वतःचं वजनच बाराशेच्या आसपास. म्हणजे रिकाम्या गाडीवर जवळजवळ निम्मं ओझं आणखी. भर उन्हात एसीचा कॉम्प्रेसर वेगळा. तिथे १४४ न्यूटन मीटरवालं साधं पेट्रोल नाही म्हणत नाही, चढतं, पण ड्रायव्हर एसी बंद करतो आणि मागच्या रांगेतली पोरं ओकतात. म्हणून स्वस्त पडतं तरी ते पेट्रोल तुमच्या यादीतून खोड. एकट्या-दुकट्याने फिरणाऱ्यांना ते छान आहे.

आणि घाट उतरतानाही लक्षात ठेव, इंजिन कोणतंही असो, भरली गाडी ब्रेकवर उतरवायची नाही, खालच्या गिअरवर उतरवायची. ऑटोमॅटिकलाही हाताने गिअर खाली घेता येतो. नवऱ्याला येत असेल, पण तूही शीक.

हायक्रॉसचं विचारलं होतंस. ती हायब्रिड दोन लिटरची असूनही शहरात लहान इंजिनांहून कमी पिते, कारण सिग्नलला आणि रांगेत बराच वेळ इलेक्ट्रिक मोटरच काम करते. कंपनीचाच आकडा साध्या पेट्रोलला १६.१३ आणि हायब्रिडला २३.२४ चा आहे. तुझ्या रोजच्या धावपळीला याहून योग्य गाडी नाही. पण हप्ता बघितलास का? तो बघून मग मला फोन कर.

तर मला विचारशील तर दीड लिटर टर्बो पेट्रोल. गावाहून येताना ओढ आहे, शाळेच्या फेऱ्यांना डीपीएफचं झंझट नाही, इन्शुरन्स खालच्या गटातला. एक खोट आहे, ती लपवत नाही. त्या इंजिनाला जो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येतो तो कोरड्या क्लचचा डीसीटी. चढावरच्या तुंबलेल्या ट्रॅफिकमध्ये तो तापतो. चांदणी चौकाच्या चढावर रांगेत असशील तेव्हा ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नकोस, ब्रेक दाबून थांब, पुढे चार गाड्यांची जागा झाली की मग सोड. डिझेलला येतो तो टॉर्क कन्व्हर्टर याबाबतीत जास्त सोशिक. तुमची गावाची फेरी महिन्याला होणार असेल, खरंच होणार असेल, तर दीड लिटरचं डिझेल घ्या. सासऱ्यांचा ‘डिझेलच’ हा शब्दही राहील. पण सव्वादोन लिटरचं नको. त्यातली निम्मी ताकद कोथरूडच्या सिग्नलला उभी राहील आणि तिचा हप्ता तू भरशील.

घरात हे मांडताना ‘मला वाटतं’ने सुरुवात करू नकोस, लगेच समजूत काढायला लागतील. वर्षाचे किलोमीटर, रोड टॅक्स, इन्शुरन्स, सगळं एका कागदावर लिहून सासऱ्यांच्या हातात दे. त्यांना आकडे आवडतात, आणि आकडे कुणी काढले हे ते विचारत नाहीत. नवऱ्याशी वेगळं बोल, मित्राच्या समोर नाही.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले एकट्याला गाडी देतात, शोरूमच्या बाहेरच्या सपाट रस्त्यावर एक चक्कर. त्यात कुठलंही इंजिन झकासच वाटतं. सेल्समनला आधीच फोन करून सांग, आम्ही घरची सगळी येणार, गाडी चढावर न्यायची आहे, बावधनकडून वर काढली तरी चालेल. तिसऱ्या रांगेत मुलांना नाही, नणंदेला बसव, ती खरं बोलते. एसी पूर्ण ठेव. चढाच्या मध्यावर थांबव आणि पुन्हा काढ. स्टिअरिंगवर तू बस. नवरा शेजारी. आणि सासूबाईंना विचार गुडघा दुमडतो का, कारण चढउतार त्यांनाच करायचीय आणि त्या काही आपणहून सांगणार नाहीत.