थंडीतलं वर्कशॉप आणि हीटरचं गणित
कामातून शिक्षण हा विचार १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत मांडला गेला. वर्ध्यातल्या गारठलेल्या, टिनाचं छत असलेल्या वर्कशॉपसाठी हीटर निवडणं हाही तसाच पाठ आहे.

२००० वॅटचा हीटर ३ तास सलग चालला, की ६ युनिट वीज लागते. २००० भागिले २३० म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर, म्हणून ६ अँपिअरचा साधा सॉकेट चालत नाही, अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा हवा.

फॅन हीटरची गरम हवा फटींतून निघून जाते; रॉडचा हीटर समोरच्या माणसाला थेट ऊब देतो. भुसा मात्र लांब ठेवा. थिनर, पेट्रोल असेल तिथे हीटर नकोच. बंद खोलीत कोळशाची शेगडीही नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पालकांनो, घरच्या हीटरवरचे वॅट मुलांनाच वाचायला सांगा.