रोहिणीकाठिण्य : कारण जाणा, मार्ग धरा



रोग, त्याचे कारण, त्याचा निरोध आणि त्यासाठीचा उपचार, या क्रमाने विचार करणे ही चांगल्या वैद्याची रीत आहे. तथागतांनी चार आर्यसत्ये याच क्रमाने सांगितली. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्या मुळाशी बहुधा रोहिणीकाठिण्य असते. त्याचा विचार आपणही याच क्रमाने करू. घरातील एकटा कमावता माणूस ऐन उमेदीत जातो, मुलांचे शिक्षण अर्धवट राहते आणि आपण "नशिबात होते" असे म्हणतो. प्रत्येक गोष्टीला कारण असते, असे मानणाऱ्याला हे शोभत नाही.

१. रोगाचे स्वरूप

हृदयाकडून शरीराला रक्त पोचविणाऱ्या नळ्यांना रोहिणी किंवा धमनी म्हणतात. त्यांचे आतील अस्तर गुळगुळीत असते. उच्च रक्तदाब, तंबाखू आणि वाढलेली साखर यांमुळे ते दुखावते. रक्तातील एलडीएल हे कोलेस्टेरॉल त्या अस्तराखाली शिरते. ते गिळण्यासाठी आलेल्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगून तेथेच मरतात. हळूहळू थर साचतो आणि नळी अरुंद व ताठर होते. मोठा धोका थर फुटण्याचा असतो. थर फुटला की त्यावर रक्ताची गुठळी होते व काही मिनिटांत प्रवाह बंद पडतो. म्हणूनच कालपर्यंत धडधाकट दिसणारा माणूस आज अचानक कोसळतो.

हा केवळ म्हातारपणाचा रोग नव्हे. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या तरुण अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय अवघे २२ असूनही बहुसंख्य सैनिकांच्या हृदयाच्या रोहिण्यांत या रोगाच्या खुणा आढळल्या. विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

२. कारणे

वय आणि आनुवंशिकता आपल्या हाती नाहीत. परंतु २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांतील 'इंटरहार्ट' अभ्यासात असे दिसले की, झटक्याचा बहुतांश धोका नऊ गोष्टींशी निगडित आहे : धूम्रपान, रक्तातील घातक चरबी, उच्च रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्य. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे लवकर येतो, हेही त्यातच दिसले.

३. निरोध

साचलेला थर सहसा पूर्णपणे जात नाही; पण त्याची वाढ रोखता येते व तो फुटण्याचा धोका कमी करता येतो. जपानचे अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीपासून शोधलेल्या द्रव्यातून स्टॅटिन ही औषधे पुढे आली. अँजिओप्लास्टीने एका जागेचा अडथळा दूर होतो, रोग मात्र इतर रोहिण्यांतही असतो. म्हणून "फुगा घातला, आता बरा झालो" असे समजून गोळ्या सोडू नयेत. रक्तदाबाचा आकडा गोळीमुळेच ठीक आलेला असतो, हेही विसरू नये.

४. मार्ग

कोसलचा राजा पसेनदी अति खाऊन धापा टाकत असे. भगवंतांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्याचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला तो उपदेश रोज जेवणाच्या वेळी म्हणण्याचे काम दिले. हळूहळू त्याचा आहार घटला आणि शरीर हलके झाले, अशी कथा संयुत्त निकायात आहे. आपल्या घरातही असा एक सुदस्सन असावा!

आचरणात आणावयाच्या गोष्टी :

- बिडी, सिगारेट, गुटखा, तंबाखू, मशेरी पूर्ण बंद. मद्य तर पंचशीलातच वर्ज्य आहे.
- मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. पापड, लोणचे, फरसाण, वनस्पती तूप कमी. डाळी, पालेभाज्या, फळे जास्त.
- आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे.
- तिशीनंतर रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉलची नियमित तपासणी. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक आल्यास डॉक्टरांना दाखवावे.
- चालताना पोटरीत गोळे येणे व थांबल्यावर जाणे, श्रमाने छाती दाटणे, या खुणा अंगावर काढू नयेत.
- छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, असे काही झाल्यास "गॅस असेल" म्हणून थांबू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बाबासाहेबांनी मधुमेहाशी झुंजत अखेरपर्यंत समाजासाठी लेखणी झिजविली. त्यांचे कार्य पुढे न्यायचे तर कार्यकर्त्याचे शरीर टिकले पाहिजे. विहारात जमताना वर्षातून एकदा तरी सर्वांचा रक्तदाब मोजण्याची प्रथा आपण पाडू या.

नमो बुद्धाय! जयभीम!