अर्जुनारिष्टाचे संधान : जात झाले की नुसते थांबले?

आसवारिष्टे आपण सर्वच वैद्य नित्य वापरतो. परंतु स्वतः संधान घालणारे आता आपल्या जिल्ह्यातही थोडेच उरले आहेत. बाजारात बाटली तयार मिळते, आणि एकदा घातलेले संधान आंबून गेले की पुन्हा त्या वाटेला जाण्याचा उत्साह राहत नाही. वास्तविक अर्जुनाची साल, मोहफुले व धायटीची फुले ही तिन्ही द्रव्ये देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव या भागांत हाताशी आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात अर्जुनारिष्टाच्या लहान प्रमाणावरील संधानाचा विचार करीत आहोत. प्रारंभ आमच्या फसलेल्या प्रयोगापासूनच करणे योग्य होईल.

एका वर्षी आम्ही ऐन मे महिन्यात अर्जुनारिष्ट घातले. महिना पूर्ण होताच बरणी उघडली. पेटती काडी आत धरली, ती विझली नाही. चुन्याची निवळी पांढरी झाली नाही. फुले तळाशी बसली होती, आवाज नव्हता. जातलक्षणे सर्व मिळाली असे समजून गाळले आणि बाटल्या घट्ट बुचे लावून भरल्या. पावसाळा लागून पंधरा दिवस झाले नाहीत तोच बुचे उडू लागली. दोन बाटल्या कपाटातच फुटल्या. उरलेल्या बाटल्यांतील द्रव चाखून पाहिला, तर तो जवळजवळ गुळाच्या पाकासारखा गोड लागला.

चूक परीक्षेत नव्हती, परीक्षेचा अर्थ लावण्यात होती. काडी विझते ती कर्बवायूमुळे, आणि निवळी गढूळ होते तीही त्याच वायूमुळे. या परीक्षा वायू निघणे बंद झाले एवढेच सांगतात. तो शर्करा संपल्यामुळे बंद झाला की यीस्ट, म्हणजे आपल्या ग्रंथांतील किण्व, उष्णतेने निश्चेष्ट झाल्यामुळे, हे त्या सांगू शकत नाहीत. आमच्या बरणीत दुसरा प्रकार घडला होता. पावसाने खोली थंड होताच उरलेले किण्व जागे झाले आणि बंद बाटलीत पुन्हा काम करू लागले.

हाच प्रश्न बिअर बनविणाऱ्यांनाही पडत आला आहे. पाश्चरचा बिअरवरील ग्रंथ 1876 चा. 1883 मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी बिअरचे शुद्ध यीस्ट वेगळे काढले. परदेशात घरच्या घरी दहा-वीस लिटर बिअर घालणारा हौशी मनुष्यही आज तीन गोष्टी सांभाळतो : आरंभीची गोडी मोजतो, जिवंत विरजण तयार करून मगच मिसळतो आणि उष्णमान राखतो. आपल्याकडे बिअर घरी घालण्यास कायद्याने मोकळीक नाही व आपणास तिचे प्रयोजनही नाही. परंतु या तीन गोष्टी घेण्यास काहीच प्रत्यवाय नसावा.

प्रथम गोडी. भैषज्यरत्नावलीतील पाठाप्रमाणे अर्जुनसाल 100 पल, मनुका 50 पल, मोहफुले 20 पल, जल 4 द्रोण, शेष 1 द्रोण; त्यात धातकी 20 पल व गूळ 100 पल. पल 48 ग्रॅम धरून याचा अष्टमांश घेतल्यास साल 600 ग्रॅम, मनुका 300, मोहफुले 120, धायटी 120 व गूळ 600 ग्रॅम होतो. वाद आहे तो जलाचा. द्रोण 12.288 लिटर धरला तर काढा सुमारे 1.5 लिटर उरतो. द्रवद्वैगुण्याचा नियम लावला तर 3 लिटर. गूळ, मनुका व मोह यांची मिळून शर्करा अदमासे 750 ग्रॅम भरते. म्हणजे पहिल्या मानाने दर 100 मि.ली.मध्ये 39 ग्रॅमच्या आसपास, दुसऱ्या मानाने सुमारे 22 ग्रॅम. पंचविशी-तिशीच्या पुढे गोडी गेली की किण्वाच्या पेशीतील पाणी ओढले जाते व त्याचे काम मंदावते. मुरंबा टिकतो तो याच कारणाने! 22 ग्रॅमच्या गोडीतून, संधान पूर्ण झाल्यास, सुमारे 12 टक्के मद्यार्क निर्माण होऊ शकतो, आणि आसवारिष्टांतील स्वयंजनित मद्यार्काची मर्यादाही 12 टक्केच आहे. आमच्या मते द्रवद्वैगुण्य लावणे ग्रंथास व किण्वास दोहोंस मानवते. फार्मसीचालकांनी मात्र आपल्या मंजूर पाठाचे मान बदलू नये. त्यांनी गूळ दोन हप्त्यांत घालावा, अर्धा आरंभी व अर्धा चौथ्या-पाचव्या दिवशी फेस ऐन भरात असताना.

गुळाबाबत एक सूचना. पिवळाधमक गूळ घेऊ नये. तो उजळ करण्यासाठी हायड्रॉस वापरलेला असतो व त्यातील गंधकांश किण्वास मारक ठरतो. काळपट, जुना गूळ उत्तम.

दुसरी गोष्ट विरजणाची. धायटीची फुले केवळ प्रक्षेप नव्हेत. त्यांच्या मधुरसावर किण्व चिकटलेले असते, आणि फुलांतील कषायांश इतर जंतूंना आवर घालतो. म्हणून ती काढ्यात उकळू नयेत, धुऊ नयेत, आणि काढा हातास कोमट लागेल इतका निवाल्याशिवाय घालू नयेत. दोन-तीन वर्षे पोत्यात पडलेल्या फुलांवर भिस्त ठेवणे व्यर्थ होय. आम्ही आता 200 मि.ली. निवालेल्या काढ्यात थोडा गूळ व मूठभर नवी फुले घालून ती वाटी झाकून ठेवतो. दोन दिवसांत फेस आला तरच ते सर्व मुख्य बरणीत मिसळतो. न आल्यास फुले बदलतो. काही जण पावाचे यीस्ट घालून मोकळे होतात. त्याने संधान होईल, परंतु ते पाठातील द्रव्य नव्हे. ग्रंथोक्त नावाने देण्याच्या औषधात आम्ही ते घालीत नाही.

मोहफुले त्याच चैत्रातील, कोरडी व बुरशी नसलेली घ्यावीत. त्यांवरील निर्बंध शासनाने 2021 मध्ये शिथिल केले आहेत. लोखंडी भांडे टाळावे. सालीतील कषायांशाने काढा काळा पडतो. बरणीचा चतुर्थांश भाग रिकामा ठेवावा आणि पहिले आठ-दहा दिवस मुख पूर्ण बंद न करता वायू बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही अशी नळी पाण्यात सोडावी. मद्यार्क तयार झाल्यावर हवा लागली की त्याचे शुक्त होण्यास वेळ लागत नाही.

उष्णमान हा आपल्या जिल्ह्यातील खरा अडसर आहे. किण्वास 25 ते 32 अंश मानवतात. मे महिन्यात येथे पारा 44 अंशांपुढे जातो आणि पौषात रात्री दहा अंशांजवळ उतरतो. ग्रंथांतील धान्यराशीची योजना हिवाळ्यात अप्रतिम आहे, आणि धानाचा कोंडा राईस मिलच्या या गावात कोणासही मिळतो. उन्हाळ्यात मात्र तोच कोंडा बरणीची स्वतःची उष्णता कोंडून ठेवतो, हे आम्ही किंमत देऊन शिकलो. आश्विन-कार्तिक आणि माघ-फाल्गुन हे काळ आम्हास सर्वांत सोयीचे वाटले.

आता परीक्षा. काडी व निवळी जरूर पाहावी, पण त्यांच्या जोडीस हायड्रोमीटर ठेवावा. 22 ग्रॅमच्या गोडीस विशिष्ट गुरुत्व 1.085 च्या जवळ येते; काढ्यातील इतर घन अंशामुळे थोडे अधिकही भरेल. ते रोज वहीत लिहावे. समजा 1.085 वरून 1.020 पर्यंत उतरले, तर फरकास 131 ने गुणून मद्यार्क सुमारे 8.5 टक्के निघतो. लागोपाठ तीन दिवस आकडा स्थिर राहिला आणि तो आरंभीच्या आकड्यापासून पुरेसा खाली असला, तरच संधान जात झाले असे मानावे. आकडा 1.060 वर अडून बसला असेल, तर काडी कितीही स्वच्छ जळो, ती बरणी बाटलीत भरू नये. थंड जागी हलवून फेस धरलेले नवे विरजण द्यावे व वाट पाहावी.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 33 ईईसी अन्वये स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविण्यास वैद्यास मुभा आहे. तिच्याबरोबर येणारी जबाबदारी आम्हास त्या फुटलेल्या बाटल्यांनंतर प्रकर्षाने जाणवली. अर्जुनारिष्ट आपण हृद्रोग्यांना देतो, आणि त्यांतील कित्येक प्रमेहीही असतात. अर्धवट थांबलेल्या अरिष्टात 100 मि.ली.मागे 25 ग्रॅम शर्करा उरली असेल, तर 20 मि.ली. दोन वेळा घेणाऱ्या रुग्णाच्या पोटात रोज 10 ग्रॅम शर्करा जाते, आणि ‘साखर बंद ठेवली आहे’ असे तो आपणास प्रामाणिकपणे सांगत असतो. आता प्रमेही रुग्णास बाटली देण्यापूर्वी आम्ही वहीतील शेवटचा आकडा पाहतो. तो समाधानकारक नसेल तर अर्जुनसालीचा क्षीरपाकच देतो.