पैठणीच्या जोडीला काय ठेवशील? मावशीचे कानमंत्र

अगं सोने, येवल्याच्या हातमागाची पैठणी घरबसल्या विकून तू नाव केलंस, त्याचं आम्हा सगळ्यांना कौतुक आहे. आता म्हणतेस, "मावशी, जोडीला काहीतरी स्वस्त ठेवू का? रोज विचारणा होते." ठेव की! फक्त तुझ्या नेहमीच्या घाईने नको. तुझी साडी बायका चार जणींना विचारून, आठवडाभर विचार करून घेतात. लहान वस्तू पाहताक्षणी घेतली जाते, आणि पुष्कळ जणींची तुझ्या दुकानाशी पहिली ओळख तिच्यामुळेच होणार आहे. म्हणून हे थोडं सांगून ठेवते.

१. स्वस्त वस्तू साडीच्या जोडीची असू दे, साडीची नक्कल नको — यंत्रमागावरची सेमी-पैठणी शेजारी मांडलीस की "ही दोन हजारांत, मग ती वीस हजारांना का?" याचीच उत्तरं दिवसभर देत बसशील.

२. काय ठेवावं ते बाहेर शोधत फिरू नकोस, जुने मेसेज उघड — "साडी कशात ठेवू?", "यावर बटवा मिळेल का?" असं गिऱ्हाइकांनी तुला कधीच सांगून ठेवलंय. विकल्यावर जे विचारतात, ते विकण्याआधी शिवून ठेवावं.

३. सुरुवात एकाच वस्तूने कर, आणि माझं मत मलमलच्या साडी-कव्हरला — पैठणी घेणारीला ते लागतंच, त्यात रंगाची नि मापाची कटकट नाही, आणि ते सपाट पाकिटात जातं.

४. कापड शुद्ध सुती घे आणि शिवण्याआधी धुऊन घे — खळीच्या वासाने कसर येते, आणि न धुतलेलं कापड पहिल्याच धुण्यात आटलं की त्यात साडी मावत नाही.

५. कव्हरला प्लास्टिकची खिडकी लावायचा मोह टाळ — आत दमट हवा कोंडली की जर काळवंडते, आणि मग लोक नावं कव्हरला ठेवत नाहीत, साडीला ठेवतात.

६. प्रत्येक कव्हरात चार ओळींची चिठ्ठी घाल: दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका, अत्तर साडीवर मारू नका — एकाच घडीवर राहिलेलं रेशीम तिथेच विरतं. नीट राहिलेली साडी लग्नाकार्यात पुन्हा नेसली गेली, की नेसणारीची नणंद आपणहून तुझा नंबर मागते.

७. साडीबरोबर एक कव्हर तुझ्याकडून दे, पुढची विकत — एक वापरून पाहिलं की बाईला कपाटातल्या बाकीच्या रेशमी साड्या आठवतात.

८. बटवा दुसऱ्या फेरीत आण, कव्हर रुळल्यावर — अस्तर, नाडी, गोंडे, टीप असं सगळंच त्यात नीट जमावं लागतं. एका वेळी एकच नवी डोकेदुखी घ्यावी, म्हणजे झोप लागते.

९. बटव्याला "पैठणी" म्हणायचं तर कापड खरंच पैठणीचं असू दे. बनारसी ब्रोकेड असेल तर तसंच लिही — पैठणीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि ते नाव विणकरांच्या कष्टाचं आहे. वस्तू स्वस्त असावी, शब्द सैल नसावा.

१०. हातमागाचा काठ वापरलास तर त्याची उलटी बाजूही फोटोत दाखव — हाताने विणलेली नक्षी मागूनही स्वच्छ दिसते, धागे लोंबत नाहीत. बटव्यावर हे ओळखायला शिकलेल्या बाईला साडीची किंमत समजावावी लागत नाही.

११. एका कव्हरचा हिशेब कागदावर मांड, तोंडी नको. समज किंमत ३०० रुपये; कापड-शिलाई ९०, पाकीट १५, कुरिअर ६०, ऑनलाइन पेमेंटचा आकार जीएसटीसकट ७ — उरतात १२८, आणि तुझा वेळ नि खराब निघालेले नग त्यातूनच जायचे आहेत.

१२. तीन कव्हरांचा संच ८०० ला ठेवून बघ. कापड-शिलाई २७०, पाकीट २०, कुरिअर ७०, पेमेंटचा आकार १९ — हातात ४२१ राहतात, म्हणजे सुटी तीन विकून मिळाले असते त्या ३८४ पेक्षा जास्त, आणि गिऱ्हाइकाचेही शंभर वाचतात.

१३. बटव्यासाठी डबा घेण्याआधी त्याची मापं काढ. कुरिअरवाले वजनाबरोबर आकारमानही धरतात. लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार बहुतेक जण ५००० ने भागतात — २५ बाय २० बाय १० चा सुंदर डबा घेतलास, तर आत दीडशे ग्रॅमचा बटवा असूनही भाडं एक किलोचं.

१४. लहान वस्तूंना कॅश ऑन डिलिव्हरी ठेवू नकोस — दारातून परत आलेलं एक पार्सल जाण्या-येण्याचं भाडं खातं, आणि दुसऱ्या पार्सलवर कमावलेलंही घेऊन बसतं.

१५. पहिली खेप पन्नास नगांची पुरे, शिंप्याने "पाचशे घ्या, शिलाई कमी करतो" म्हटलं तरी — शिलाईत वाचलेले पाच रुपये माळ्यावर पडून राहिलेल्या गठ्ठ्याची भरपाई करत नाहीत.

१६. पसंत पडलेला एक नग शिंप्याकडे टांगून ठेव आणि तसाच एक आपल्याकडे — "मागच्या वेळी असंच होतं" हा वाद सुरू व्हायच्या आत संपतो, आणि तुमचं गोड राहतं.

१७. पाकिटावर वस्तूचं नाव, नगसंख्या, तुझं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल छापून घे — वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांत बांधीव मालाला हे लागतं, आणि तीनशेच्या वस्तूलाही सूट नाही.

१८. सीएला आधीच फोन कर, मार्चअखेरीला नको — कव्हर, बटवा आणि साडी यांचे एचएसएन कोड वेगळे असतात, आणि पहिल्या बिलापासून बरोबर लिहिलं की वर्षभर खाडाखोड करावी लागत नाही.

१९. नवी वस्तू आधी जुन्या गिऱ्हाइकांना दाखव — त्या खरं बोलतात, आणि उणीव असली तर हक्काने फोन करून सांगतात. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी मात्र तुझा नंबर साठवलेल्यांनाच पोचते, तेव्हा साडी देतानाच नंबर साठवायला सांगत जा.

२०. पानावर पहिला मान पैठणीचा, मग कव्हर नि बटवा — ताटात चटणी डावीकडे थोडीच वाढतात, तिने पुरणपोळीची जागा घ्यायची नसते.

२१. लहान वस्तू खपते म्हणून तिच्यावर सारखे सेल लावू नकोस — सवलतीची सवय लागलेली बाई उद्या साडीवरही सवलतीची वाट बघत बसते, आणि साडीत कमी करायला तुझ्याकडे काही नसतं.

२२. संक्रांतीच्या वाणाची ऑर्डर डिसेंबरच्या मध्यावर बंद कर, कितीही गोड बोलून मागितली तरी — बटवे एकेकीला पंचवीस-पंचवीस लागतात, आणि हळदीकुंकू झाल्यावर पोचलेलं वाण तिच्याही उपयोगाचं नाही नि तुझ्याही.

२३. तीनशेवालीच्या तक्रारीला वीस हजारवालीइतकंच लवकर उत्तर दे — आज ती कव्हर घेतेय, उद्या तिच्या घरात लग्न निघेल. गिऱ्हाईक खरेदीवरून लहान-मोठं धरू नये.

२४. वहीत एक रकाना वेगळा आख: कव्हर किंवा बटवा घेऊन नंतर साडीला किती जणी आल्या — लाइक आणि फॉलोअर मोजून डोळे दुखतील, जोडवस्तूचं काम कळेल ते या रकान्यातून.

२५. एक लग्नसराई, एक संक्रांत, एक दिवाळी जाऊ दे, मग वही उघड. रकाना रिकामा असेल आणि रात्री फक्त पाकिटं भरण्यात जात असतील तर ती वस्तू खुशाल बंद कर — आवरतं घेण्यात कमीपणा नाही, तुझे हात साडीसाठी मोकळे होतात.

२६. आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. बटवे भराभर खपायला लागले म्हणून विणकराची ऑर्डर कमी करू नकोस — एका पैठणीला नक्षीप्रमाणे आठवडे नाहीतर महिने लागतात, आणि काम थांबलं तर त्याचं घर थांबतं. लहान वस्तूतून महिन्याला जो रोकडा येईल त्यातला ठरलेला वाटा विणकराच्या आगाऊ रकमेसाठी बाजूला काढ. त्याचा माग वर्षभर चालू राहिला, तर तुझ्या कव्हरात घालायला पैठणी असेल.