रान साफ करणारी यंत्रे आणि वणव्याची भीती

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात पाऊस हिवाळ्यात पडतो. आपल्याकडील शेतकऱ्याला ही गोष्ट चमत्कारिक वाटेल. परंतु तेथील वणव्यांचे स्वरूप समजून घ्यावयाचे तर प्रथम हे ध्यानात ठेवले पाहिजे. नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत जो काही पाऊस पडावयाचा तो पडून जातो. त्या ओलाव्यावर टेकड्या हिरव्या होतात, गवत गुडघ्याइतके वाढते, आणि मे महिन्यापासून ते पिवळे पडू लागते. पुढे पाच-सहा महिने आकाशातून थेंबही येत नाही. म्हणजे उन्हाची तीव्रता आणि हवेचा कोरडेपणा यांची गाठ नेमकी वाढून उभ्या असलेल्या गवताशी पडते.

या टेकड्यांवर जे दाट झुडुपी रान असते त्यास ‘चॅपरल’ म्हणतात. झुडुपवजा ओक वृक्षाच्या स्पॅनिश नावावरून हा शब्द आलेला आहे. चमीज, मँझनीटा यांसारखी पुरुषभर उंचीची, काटक, सदाहरित झुडुपे या रानात एकमेकांत गुंतून उभी असतात. त्यांची पाने लहान आणि चिवट असतात. चमीजच्या पानांत तेलकट द्रव्ये असतात. ती तापली की त्यांचा वायू होतो आणि हिरवे दिसणारे झुडूपसुद्धा भडकून पेटते.

अशा रानाच्या कडेला आज लक्षावधी लोकांची घरे आहेत. म्हणून तेथील कायद्याने घरमालकावर एक कर्तव्य सोपविले आहे. वणव्याचा धोका असलेल्या भागांत घराभोवती १०० फूट, म्हणजे सुमारे ३० मीटर, अंतरापर्यंतचे इंधन त्याने कमी केले पाहिजे. ‘इंधन’ हा शब्द येथे मुद्दाम योजलेला आहे. वणवा विझविणाऱ्यांच्या भाषेत गवत, पालापाचोळा, झुडूप, वाळकी फांदी ही सर्व इंधनेच होत. हवा माणसाच्या ताब्यात नाही, ऊन आणि वारा नाही. इंधन तेवढे आहे.

मात्र इंधन कमी करणे म्हणजे जमीन भुंडी करणे नव्हे. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी दिलेल्या सूचना पाहिल्या तर त्यांत तोडण्यापेक्षा अंतर राखण्यावर भर दिसतो. वाळलेले गवत १० सेंटिमीटरपेक्षा उंच वाढू द्यावयाचे नाही. सपाट जमिनीवर दोन झुडुपांमध्ये झुडुपाच्या उंचीच्या दुप्पट अंतर ठेवावयाचे, मध्यम उतारावर चौपट आणि तीव्र उतारावर सहापट. झाडाखाली झुडूप असेल तर त्याचा शेंडा आणि झाडाची सर्वांत खालची फांदी यांत झुडुपाच्या उंचीच्या तिप्पट मोकळी जागा असावी. गवतातून झुडुपावर, झुडुपातून फांदीवर आणि फांदीवरून शेंड्यावर अशी आग चढते. या शिडीची एखादी पायरी काढून टाकली की ती खालीच राहण्याचा संभव वाढतो.

उताराला एवढे महत्त्व का, हेही पाहण्यासारखे आहे. आगीच्या ज्वाळा चढाच्या बाजूला झुकतात आणि वरचे इंधन आधीच तापवून, सुकवून ठेवतात. ऑस्ट्रेलियातील वनशास्त्रज्ञ ॲलन मॅकआर्थर यांनी बसविलेला ठोकताळा असा, की दर १० अंश चढास आगीचा वेग सुमारे दुप्पट होतो. दरीच्या काठावर हौसेने बांधलेले घर म्हणूनच सर्वांत धोक्यात असते.

जॅक कोहेन या अमेरिकन वनखात्यातील शास्त्रज्ञाने १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या वायव्य प्रदेशात केलेले प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहेत. जंगलाचा एक तुकडा शेंड्यांपर्यंत पेटविण्यात आला आणि त्याच्यापासून निरनिराळ्या अंतरांवर लाकडी भिंती उभ्या करण्यात आल्या. १० मीटरवरील भिंतींपैकी काही पेटल्या; ३० मीटरवरील पेटल्या नाहीत. मोठ्या ज्वाळांच्या नुसत्या धगीने घर जळते ही समजूत त्यामुळे ढासळली. घरे बहुधा जळतात ती वाऱ्याने उडून आलेल्या निखाऱ्यांनी, किंवा भिंतीलगतच्या पाल्यातून सरपटत आलेल्या लहानशा आगीने. निखारा एखाद्या किलोमीटरहूनही दूर जाऊ शकतो. तो पडेल तेथे त्याला काही खाद्य मिळते की नाही, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

सर्व इंधन सारख्या वेगाने वाळत नाही. सहा मिलिमीटरपेक्षा बारीक काडी-गवताला ‘एक तासाचे इंधन’ म्हणतात, कारण हवा कोरडी झाली की तासाभरात ते आपल्या जादा ओलाव्यापैकी दोन-तृतीयांशाच्या जवळपास ओलावा गमावते. बोटाएवढ्या काटकीस दहा तास, मनगटाएवढ्या फांदीस शंभर तास, आणि ओंडक्यास हजार तास. सकाळी दवाने ओले असलेले गवत दुपारी बारा वाजता काडी लावण्याजोगे का होते, याचे उत्तर या वर्गवारीत आहे. ती येथे दिली आहे याचे कारण यंत्राच्या वापराशी तिचा निकटचा संबंध आहे.

तीस मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे पाऊण एकराच्या आसपास जमीन. कोयता आणि कुदळ घेऊन एका कुटुंबाला ती दरवर्षी साफ करणे कठीण जाते. म्हणून गेल्या काही दशकांत तेथे लहान चारचाकी कामगाड्यांचा प्रसार झाला आहे. या गाड्या जीपपेक्षा लहान, जाड टायरांच्या, मागे मालासाठी उघडा हौदा असलेल्या असतात. जरा मोठी जमीन असेल तर लहान ट्रॅक्टर वापरतात. गाडी तीच, तिला जोडावयाचे अवजार मात्र कामाप्रमाणे बदलते.

कापण्याची अवजारे मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिल्यात जाड पोलादी पाते जमिनीला समांतर गरगर फिरते आणि गवत व अंगठ्याएवढी झुडुपे मुळाशी छाटते. आपल्याकडे ट्रॅक्टरला जोडतात तो रोटरी स्लॅशर याच जातीचा. दुसऱ्यात आडव्या दांड्याला अनेक लहान पाती किंवा हातोडे लोंबते जोडलेले असतात. दांडा वेगाने फिरू लागला की ते झुडुपाला झोडपून त्याचा भुगा करतात. उसाचे पाचट किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या बारीक करणारे श्रेडर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे यंत्र निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ट्रॅक्टरच्या मागे फिरता दांडा असतो, त्यावर ही अवजारे चालतात. लहान कामगाड्यांना तो बहुधा नसतो. म्हणून त्यांच्यामागे ओढावयाच्या कापणीयंत्रावर स्वतंत्र इंजिन बसविलेले असते. याखेरीज फांद्या गोळा करण्याचा दाताळा, ओंडके ओढण्यास पुढच्या बाजूला दोराचे रहाट आणि हौद्यात ठेवावयाची पंपासह पाण्याची टाकी, ही अवजारेही मिळतात. कापणी करणारे अवजार घेण्यास लोक उत्सुक असतात. टाकी घेण्यास तितके नसतात. वस्तुतः क्रम उलटा असावयास हवा.

याचे कारण असे, की आग टाळण्यासाठी आणलेले यंत्र स्वतःच आग लावू शकते. पोलादी पाते गारगोटीसारख्या दगडावर आपटले की ठिणगी उडते. सायलेन्सरमधून काजळीचे तापलेले कण बाहेर पडतात. यंत्राच्या पोटाखाली सुक्या गवताचा चुरा साठतो आणि तापलेल्या नळीला चिकटून धुमसू लागतो. धूर शुद्ध करण्यासाठी अलीकडच्या गाड्यांत जे उपकरण असते ते कित्येक शे अंशांपर्यंत तापते. वाळक्या गवतात गाडी उभी करून चालक जेवावयास बसला, एवढेही आगीस पुरते.

ठिणगी क्षुल्लक म्हणून तिचा परिणाम क्षुल्लक असतो असे नाही. ४ जुलै २००७ रोजी सांता बार्बरा परगण्यात पाण्याच्या नळाची दुरुस्ती चालू होती. धातू घासण्याच्या यंत्राच्या ठिणग्या वाळक्या गवतात पडल्या, आणि झाका नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या वणव्यात सुमारे ९७,००० हेक्टर प्रदेश जळाला. २३ जुलै २०१८ रोजी रेडिंग शहराच्या पश्चिमेस एका मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरचा टायर फुटला. उघडी पडलेली रिम रस्त्यावर घासत गेली आणि ठिणग्या कडेच्या गवतात उडाल्या. त्या आगीने तीन दिवसांनी शहराच्या वेशीवर अग्नीची वावटळ निर्माण केली. तिच्यातील वाऱ्याचा वेग ताशी २३० किलोमीटरच्या आसपास असावा असा अंदाज करण्यात आला. या कार वणव्यात १,६०० हून अधिक इमारती नष्ट झाल्या आणि आठ माणसे मृत्यू पावली. त्याच आठवड्यात, २७ जुलै रोजी, नैर्ऋत्येकडील मेंडोसिनो परगण्यात एक पशुपालक गांधीलमाश्यांचे जमिनीतील घर शोधून बुजविण्यासाठी लोखंडी मेख ठोकीत होता. हातोड्याच्या घावासरशी तापलेला धातूचा कण उडाला. तेथून पसरलेल्या रँच वणव्याने १,६६,००० हेक्टर रान गिळले आणि आग विझविणाऱ्या एका जवानाचा बळी घेतला. तिन्ही प्रसंगी कोणीही आग लावण्यास निघाले नव्हते. माणसे आपापल्या कामात होती.

म्हणून तेथील अग्निशमन खाते नागरिकांस सांगते, की गवत कापावयाचे ते सकाळी दहाच्या आत, आणि वारा सुटला असेल किंवा हवा फार कोरडी असेल तर मुळीच नाही. एक तासाच्या इंधनाचा हिशेब येथे उपयोगी पडतो. सकाळी दहानंतर गवतातील ओल झपाट्याने कमी होते, आणि जी ठिणगी आठ वाजता विझून गेली असती ती अकरा वाजता जगते. हिरवळीवर चालवावयाचे साधे यंत्र वाळक्या रानात चालवू नये, त्याऐवजी नायलॉनची दोरी फिरविणारे हातयंत्र वापरावे, असेही सांगितले जाते. दोरी दगडावर आपटली तर तुटते, पण ठिणगी उडत नाही. इंजिनाला ठिणगीरोधक जाळी असणे कायद्याने बंधनकारक आहे. वणव्याच्या ऋतूत पेट्रोलवर चालणारे हातयंत्र वापरणाऱ्याजवळ, २५ फुटांच्या आत, लांब दांड्याचे फावडे किंवा आग विझविण्याचे नळकांडे असले पाहिजे. परंतु सर्वांत उत्तम नियम ऋतूचा आहे. गवत पिवळे पडण्यापूर्वी, वसंतातच, हे काम उरकून घेतले तर यातील निम्म्या काळज्या उरत नाहीत. घरमालकाला मात्र गवताची आठवण ते वाळल्यावर, आणि बहुधा रविवारी दुपारी, होते.

यंत्र चालविण्यापूर्वी त्या जागेतून पायी फिरून यावे. गवतात दडलेले दगड, जुनी तार, लोखंडाचे तुकडे दिसतील ते वेचावे, न निघणाऱ्या दगडांवर खूण करावी. दर अर्ध्या-पाऊण तासाने इंजिन बंद करून खालचा चुरा झटकावा. काम संपल्यावर तासभर तेथेच थांबावे. धुमसणारी काडी लगेच दिसत नाही. उतारावर आडवे चालविण्याचा मोह टाळावा. अनेक कामगाड्यांच्या पुस्तिकांत सुमारे १५ अंशांची मर्यादा दिलेली असते, आणि मागे जड अवजार जोडल्यावर गाडीचा तोल आणखी बदलतो. त्यापुढचा उतार माणसाच्या हातांसाठी आणि शेळ्यांसाठी सोडावा.

कापलेल्या झाडोऱ्याचे काय, हा प्रश्न पुष्कळदा विसरला जातो. झुडूप कापल्याने इंधन नाहीसे होत नाही. उभे होते ते आडवे होते. फांद्या तेथेच टाकल्या तर महिन्याभरात त्या वाळून पूर्वीपेक्षा अधिक ज्वालाग्राही होतात. भुगा करून पसरला तर ज्वाळा ठेंगण्या राहतात, हे खरे. पण भुग्याचा थर जाड असेल आणि माती कोरडी असेल, तर तो तासन् तास धुमसत राहून मुळे मारून टाकण्याइतकी माती तापवितो. म्हणून थर पातळ ठेवावा, भिंतीपासून दीडेक मीटरपर्यंत तो मुळीच नसावा, आणि उरलेल्या फांद्या हौद्यात घालून दूर न्याव्यात किंवा पावसाळी दिवसांत परवाना घेऊन ढिगांनी जाळाव्यात.

इंधनाचा पट्टा तोडून आग अडविण्याची ही कल्पना भारतीय वनखात्यास नवीन नाही. मध्य प्रांतातील बोरीच्या जंगलात पिअर्सन या अधिकाऱ्याने १८६० नंतरच्या दशकात आगीपासून संरक्षणाचे पद्धतशीर प्रयत्न सुरू केले. महाराष्ट्रात आजही उन्हाळ्यापूर्वी ‘जाळरेषा’ काढतात: ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातील गवत कापावयाचे, वाळू द्यावयाचे आणि माणसे उभी करून ते जाळून टाकावयाचे. अलीकडे पाठीवर अडकविण्याच्या ब्लोअरने पट्ट्यातील पाला उडविला जातो. कुमाऊँ-गढवालच्या चीड जंगलांत पाइनच्या सुया, ज्यांस तेथे पिरूल म्हणतात, उन्हाळाभर गळत राहतात. तेथील साफ केलेली रेषा काही दिवसांत पुन्हा भरते, आणि कड्यांवर कोणतीही गाडी चढत नाही. तेथे दाताळे आणि पाठीवरची करंडी यांचेच राज्य आहे.

कॅलिफोर्नियातही यंत्राचा अतिरेक झाल्याची उदाहरणे आहेत. घरापासून दूरचे चॅपरल वारंवार छाटले की देशी झुडुपे मरतात आणि बाहेरून आलेली वार्षिक गवते जागा बळकावतात. ही गवते झुडुपांच्या आधी वाळतात आणि अधिक सहज पेटतात. म्हणजे धोका कमी करण्याच्या खटपटीत तो वाढलेला असतो. त्यामुळे जाणकार मंडळी घराभोवतीच्या ३० मीटरांत कसून काम करा आणि त्यापलीकडे हात राखून करा, असे सांगतात.

त्या ३० मीटरांतही काम एकदाच संपत नाही. चमीजच्या मुळाशी जमिनीत लाकडाचा गड्डा असतो. वरचे झुडूप पात्याने छाटले तरी पहिल्या पावसानंतर त्या गड्ड्यातून कोंब फुटतात, आणि दोन-तीन हिवाळ्यांत ते पुन्हा गुडघ्यापर्यंत येतात. काही घरमालक तेव्हा यंत्र बाहेर काढीत नाहीत. शेजारच्या गावातून शेळ्यांचा कळप आठवडाभर भाड्याने आणतात.