द्राक्षाच्या मण्यास रंग का चढतो व का चढत नाही ?

सांगली जिल्ह्यातील तासगाव, मिरज, पलूस व कवठे महांकाळ, तसेच सातारा जिल्ह्यातील खटाव, माण व फलटण या तालुक्यांत द्राक्षाची लागवड होते. थॉम्पसन सीडलेस व त्यातूनच तासगाव तालुक्यात निवडला गेलेला तास-ए-गणेश हे पांढरे वाण होत; शरद सीडलेस हा काळा वाण होय. माती, पाणी व हवा एकच असूनही मण्यात पाणी उतरताच काळ्या वाणावर जांभळी छटा चढते, आणि पांढऱ्याचा मणी पोपटी-पिवळसरच राहतो. याचे कारण बागाईतदाराने समजून घेतल्यास रंगासाठी होणारा बराच व्यर्थ खर्च वाचेल.

प्रवर्तक म्हणजे काय ?

वेलीच्या पेशीत केंद्रक असते. केंद्रकातील डीएनएच्या धाग्यावर चार रासायनिक अक्षरांत वेलीचा सर्व मजकूर लिहिलेला असतो. त्यातील एकेका प्रथिनाची कृती सांगणारा भाग म्हणजे जनुक. कचेरीतील मूळ दप्तर बाहेर दिले जात नाही, त्याची नक्कल मिळते. त्याचप्रमाणे जनुकाची आरएनए ही नक्कल निघून केंद्रकाबाहेर जाते व तीवरून प्रथिन तयार होते. नक्कल काढण्याच्या या क्रियेस प्रतिलेखन म्हणतात.

मूळ, पान व मण्याची साल यांच्या पेशींत जनुके तीच असतात. परंतु प्रत्येक ठिकाणी सर्वच जनुकांची नक्कल निघत नाही. कोणत्या जनुकाची, केव्हा व किती निघावी, हे मुख्यत्वे जनुकाच्या आरंभालगतच्या भागावर ठरते. या भागास प्रवर्तक म्हणतात. अनेक जनुकांत आरंभापूर्वी सुमारे 30 अक्षरांवर ‘टाटा’ नावाची खूण असते. तेथे प्रथम साहाय्यक प्रथिने जमतात व मग नक्कल काढणारे प्रथिन येऊन बसते. त्याहून अलीकडील खुणांवर नियामक प्रथिने बसून या कामास चालना देतात किंवा ते रोखतात. प्रवर्तक बिघडला तर पुढील मजकूर निर्दोष असूनही निरुपयोगी ठरतो.

पांढऱ्या द्राक्षातील बिघाड

मण्याच्या सालीतील जांभळ्या रंगद्रव्यास अँथोसायनिन म्हणतात. ते तयार करणाऱ्या एका आवश्यक जनुकाची नक्कल निघण्यास ‘मिब ए-1’ हे नियामक प्रथिन त्याच्या प्रवर्तकाशी जोडले जावे लागते. या नियामकाचे स्वतःचेही जनुक आहे व त्यालाही प्रवर्तक आहे. 2004 साली जपानमधील संशोधकांनी असे दाखविले की, पांढऱ्या वाणांत नेमक्या याच प्रवर्तकात सुमारे 10,000 अक्षरांचा एक परका तुकडा घुसलेला आहे. त्यामुळे नियामकाची नक्कल निघत नाही, नियामक नाही म्हणून रंगाचे जनुक जागे होत नाही, आणि मणी पांढरा राहतो. शेजारीच याच कामाचे दुसरे जनुक आहे. पण पांढऱ्या वाणांत त्याच्या मजकुरातच दोष आढळला आहे.

याची उलट साक्षही मिळते. ‘इटालिया’ या पांढऱ्या वाणातून ‘रुबी ओकुयामा’ हा लाल वाण निघाला. त्याच्या प्रवर्तकातील बहुतेक परका तुकडा निघून गेलेला व केवळ त्याचे एक टोक उरलेले आढळले. अडथळा दूर होताच रंग परतला.

बागेत याचा उपयोग

(1) पांढऱ्या वाणाचा अडथळा डीएनएतच असल्यामुळे कोणतेही खत वा संजीवक त्यास काळा करू शकणार नाही. थंडीत पांढऱ्या घडात काही मणी गुलाबी होतात, हे खरे. परंतु तो अल्पसा रंग म्हणजे वाण पालटणे नव्हे. बाजारात तो दोषच मानला जातो व त्यासाठीच घडांना कागद लावतात.

(2) काळ्या वाणात प्रवर्तक शाबूत असतो. त्यास योग्य वेळी चालना मिळावी लागते. पाणी उतरण्याच्या सुमारास मण्यात वाढणारे ॲबसिसिक आम्ल ही चालना देते, तर अति उष्णता, विशेषतः उष्ण रात्री, नियामकाची नक्कल घटविते. म्हणून वेलीवर बेताचेच घड ठेवणे, पुढील काळात नत्र आवरते घेणे व घडापर्यंत उजेड-हवा पोहोचू देणे हे उपाय प्रथम करावेत. रंगासाठी संजीवक वापरणे झाल्यास ते तज्ज्ञांच्या सल्ल्याने व शिफारशीच्या मात्रेतच वापरावे.

(3) एखाद्या फांदीवर इतरांहून वेगळे घड दिसल्यास ती खुणेसाठी बांधून ठेवावी. पुढील हंगामातही तोच गुण दिसल्यास तिचे डोळे भरून वेगळी कलमे करावीत. तास-ए-गणेश हा थॉम्पसनमधील असाच फेरबदल बागेत ओळखून निवडलेला वाण आहे.

सारांश, रंग आला नाही म्हणून औषधाची बाटली आणण्यापूर्वी बागाईतदार बंधूंनी एवढेच ठरवावे : वाट मुळातच बंद आहे, की उघडी असून चालना कमी पडली आहे ? पहिल्या ठिकाणी केलेला खर्च मातीत जातो. दुसऱ्या ठिकाणी वेळेवर घेतलेली मेहनत घडावर दिसते.