लहान आगगाडीचा लोहमार्ग व सांधे

वडूज गांवास आगगाडी नाहीं. येरळेच्या कांठीं वाढलेल्या आपल्या मुलांना गाडीची शिटी ऐकावयाची असली, तर कोरेगांव किंवा रहिमतपूर गांठावें लागतें. असें असतां यंदा आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या खोलींत चार फूट रुंद व आठ फूट लांब फळीवर एक लहान आगगाडी धांवूं लागली. स्नेहसंमेलनास आलेल्या एका पालकांनीं ती घटकाभर पाहिली आणि मला सरळच विचारलें, "मास्तर, परीक्षा तोंडावर आली असतां मुलांना हीं खेळणीं कशास?" प्रश्न रास्त होता. गर्दींत मला त्यांना धड उत्तर देतां आलें नाहीं. तें या लेखांत द्यावें असा विचार आहे. शिवाय पुढील वर्षीं जीं मुलें हें काम हातीं घेतील, त्यांना पायरीपायरीनें माहिती मिळावी, हाहि हेतु आहे.

पुण्यास कर्वे रस्त्यावर कोथरुडांत भाऊ जोशी यांनीं उभारलेलें लहान आगगाड्यांचें संग्रहालय आहे. तें १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. आमच्या मुलांची सहल तेथें गेली, तेव्हां सर्वांचे डोळे साहजिकच धांवत्या गाड्यांवर खिळले. मीं त्यांना म्हटलें, "घटकाभर गाडी पाहूं नका, गाडीखालीं काय आहे तें पाहा." या विद्येचा पहिला धडा हाच आहे. गाडी विकत मिळते. मार्ग मात्र आपल्या हातांनीं घालावा लागतो, आणि गाडी चालते ती मार्गाच्या गुणानें.

१. रुंदी

दोन रुळांच्या आंतल्या कडांमधील अंतरास लोहमार्गाची रुंदी म्हणतात. आपल्या देशांतील मोठ्या मार्गाची रुंदी १६७६ मि.मी., म्हणजे साडेपांच फूट आहे. पुणें-मिरज मार्ग पूर्वीं मीटर रुंदीचा होता. कुरडुवाडीकडून मिरजेस येणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेची रुंदी तर अवघी ७६२ मि.मी. होती. एके काळीं मिरज स्थानकांत रुंद, मीटर व अरुंद असे तिन्ही मार्ग येऊन थांबत. पण एकाची गाडी दुसऱ्यावर जाऊं शकत नसे. उतारू व माल या गाडींतून त्या गाडींत चढवावा लागे. आतां तेथील सर्व मार्ग रुंद झाले आहेत. परंतु रुंदी म्हणजे काय, हें समजावण्यास मिरजेसारखें उदाहरण नाहीं.

आमची गाडी खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची आहे. १६७६ ला ८७ नें भागा, सुमारें १९.३ मि.मी. येतात. पण बाजारांत मिळणाऱ्या या मापाच्या रुळांची रुंदी १६.५ मि.मी. असते. कारण परदेशीं बहुतेक ठिकाणीं मार्गाची रुंदी १४३५ मि.मी. असून तिचा सत्त्याऐंशीवा भाग तेवढाच येतो. म्हणून आपल्याकडील इंजिनाचा नमुना या रुळांवर ठेवला कीं मार्ग किंचित् अरुंद दिसतो. दिसेना का, पण जी रुंदी एकदां घेतली ती सर्वत्र सारखी राहिली पाहिजे. धातूच्या पट्टीस दोन खांचा पाडून मुलांनीं मापाचें साधन केलें, आणि दर चार बोटांवर तें फिरवून पाहिलें.

२. वळण

खऱ्या रुंद मार्गावर १७५ मीटर त्रिज्येहून तीव्र वळण घालीत नाहींत. त्याचा सत्त्याऐंशीवा भाग दोन मीटरांहून थोडा अधिक येतो. तेवढें वर्तुळ घालावयाचें तर चार मीटर रुंदीची फळी हवी, आणि मग मुलांनीं बसावें कोठें? म्हणून येथें तडजोड करावी लागते. आम्हीं त्रिज्या ४३८ मि.मी. घेतली. व्यास ८७६ होतो, आणि फळीची रुंदी १२२० मि.मी. आहे. तेव्हां मार्गाच्या मध्यापासून फळीच्या कडेपर्यंत दोन्हीं बाजूंस सुमारें १७० मि.मी. जागा उरते. गाडी घसरली तरी जमिनीवर पडूं नये, एवढी ती पुरे.

वळण प्रथम कागदावर काढावें. दोऱ्याचें एक टोंक खिळ्यास व दुसरें पेन्सिलीस बांधून काढलेली रेघ शंभर अंदाजांहून बरी.

३. जोड

रुळांचे तुकडे सुमारें ९१४ मि.मी. लांब असतात. ते धातूच्या लहान पट्टीनें जोडतात. वळणावर येणारे दोन तुकडे सरळ असतांनाच डाख लावून जोडावेत व मग वांकवावेत. नाहीं तर जोडापाशीं कोपरा येतो आणि चाक तेथें हटकून चढतें. जोडल्यावर बोट फिरवून पाहावें. नखास जें अडलें, तें चाकासहि अडेल.

सरळ भागांतील जोडांत मात्र फट ठेवावी. हे रूळ तांबें, जस्त व निकेल यांच्या मिश्रधातूचे असतात; त्यास जर्मन सिल्व्हर म्हणतात, पण चांदीचा त्यांत अंशहि नसतो. उष्णतामान एक अंशानें वाढलें कीं हा धातु आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारें १६ भाग वाढतो. पौषांतील सकाळ व वैशाखांतील दुपार यांत २५ अंशांचा फरक धरला, तर ९१४ मि.मी. च्या तुकड्याची वाढ सुमारें ०.३७ मि.मी. होते. लग्नपत्रिकेच्या कार्डाची जाडी साधारण तेवढीच. म्हणून थंडीच्या सकाळीं रूळ घालतांना प्रत्येक जोडांत तें कार्ड धरावें व मग काढून घ्यावें. मुलांनीं हें गणित पुस्तकांत अनेकदां केलें होतें. त्याचें उत्तर बोटांत धरण्याचा प्रसंग मात्र त्यांना प्रथमच आला.

४. सांधा

एका मार्गावरून दुसऱ्यावर गाडी नेणाऱ्या रचनेस आपण सांधा म्हणतों, आणि तो फिरविणाऱ्या माणसास सांधेवाला. सांध्याचीं मुख्य अंगें तीन. पहिलें, निमुळत्या टोंकाच्या दोन हलत्या जिभा. त्यांपैकीं एक जीभ बाजूच्या रुळास चिकटली असली म्हणजे दुसरी सुटलेली असते. दुसरें, नाक, दोन मार्गांचे आंतले रूळ जेथें एकमेकांस ओलांडतात तें टोंक. चाकाची कड पलीकडे जावी म्हणून तेथें रुळांत खांच ठेवावी लागते. तिसरें अंग म्हणजे नाकासमोर, बाहेरील रुळालगत बसविलेला आखूड राखणरूळ. तो त्या बाजूचें चाक आपल्याकडे ओढून धरतो. म्हणून आंसाच्या दुसऱ्या टोंकाचें चाक नाकावर आदळत नाहीं.

सांध्याची तीव्रता नाकाच्या कोनावरून ठरते. बारांस एक याचा अर्थ असा कीं, नाकापासून बारा हात गेल्यावर दोन रुळांत एक हात अंतर पडतें. आपल्या रेल्वेंत बारांस एक व साडेआठांस एक हे सांधे नेहमींचे आहेत. लहान गाडीच्या बाजारी सांध्याचा कोन पुष्कळदां १२ अंश असतो. तो पांचांस एक याहूनहि तीव्र. म्हणून तेथें गाडी सावकाश न्यावी.

गाडी नाकाकडून आली, तर धोका कमी असतो. जिभेच्या टोंकाकडून येणाऱ्या गाडीस मात्र जीभ पूर्ण मिटलेली असणें जीवनमरणाचें असतें. मिटलेल्या जिभेच्या टोंकाशीं फट राहिली, तर एक चाक इकडे व दुसरें तिकडे जाऊं पाहतें. रेल्वेंत जीभ व रूळ यांमध्यें ५ मि.मी. जाडीचा तुकडा ठेवून परीक्षा घेतात. तेवढी आडकाठी असतांना सांध्यास कुलूप बसतां कामा नये, आणि गाडीस जाण्याची खूण मिळतां कामा नये.

बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. उतारावर गाडी आंवरेनाशी झाली तर काय करावें, यासाठीं घाटांत चढाचे आडमार्ग घातले. सांध्याचें तोंड नेहमीं त्या आडमार्गाकडेच ठेवीत. उतरणारी गाडी आधीं थांबे, आपण ताब्यांत आहों असें दाखवी, आणि मगच सांधेवाला तिला पुढील वाट मोकळी करून देई. विश्वास आधीं सिद्ध करावयाचा, वाट मागून मिळावयाची, असा हा नियम होता.

५. खडी

मार्ग घालून झाला, गाडी दहा वेळां सुखरूप फिरली, कीं मगच खडी पसरावी. आम्हीं येरळेच्या पात्रांतील वाळू धुऊन, वाळवून, दोन चाळण्यांतून काढली. येथें एक खबरदारी घ्यावी. आपल्या काळ्या दगडाच्या प्रदेशांतील वाळूंत लोहाचे काळे कण असतात. इंजिनाच्या मोटारींतील चुंबक ते ओढून घेतो, आणि मोटार बिघडते. म्हणून कागदांत गुंडाळलेला चुंबक वाळूंतून पुन्हां पुन्हां फिरवावा. पहिल्या फेरींत निघालेला काळा केसाळ गोळा पाहून मुलांनीं केलेला ओरडा मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेला.

खडी कुंचल्यानें सारखी करावी, तींत साबणाच्या पाण्याचे दोन थेंब घातलेला पातळ डिंक ठिबकवावा, आणि रात्रभर हात लावूं नये. सांध्याच्या जिभेजवळ मात्र खडी जवळजवळ घालूंच नये.

आतां संमेलनाच्या दिवशीं काय झालें तें सांगतों. दुपारपर्यंत गाडी नीट फिरली. मग तिसऱ्या सांध्यावर ती घसरूं लागली. दर वेळीं नव्हे, पांच-सात फेऱ्यांत एकदां. मुलांनीं इंजिनाला दोष दिला, मीं विजेला दिला. डबे बदलले, तारा तपासल्या. पालक हंसत होते. "खेळणीं कशास?" असें विचारणारे गृहस्थहि तेथेंच उभे होते.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील रेल्वेंत रूळमार्ग राखण्याच्या कामावर आहेत. ते मागें भिंतीपाशीं उभे होते. ते पुढें आले, पायांतल्या वहाणा काढल्या, गुडघ्यावर बसले, आणि गाल फळीला टेकवून, एक डोळा मिटून रुळांच्या रेषेंत पाहूं लागले. मग नख जिभेच्या टोंकाशीं नेलें आणि म्हणाले, "मास्तर, जिभंत खडा हाय."

खरेंच, अर्ध्या मिलिमीटरचा एक कण डिंकानें तेथें चिकटला होता. फळ्यावर गणित मांडलें. अर्ध्याला ८७ नें गुणलें तर ४३.५ मि.मी. होतात. जेथें पांच चालत नाहींत, तेथें त्रेचाळीस! खोली शांत झाली. तेव्हां त्यांचाच मुलगा पुढें आला. तो खडा त्यानें आदल्या रात्रीं पाहिला होता. खडी सुंदर बसली होती, उशीर झाला होता. ती उकरावी लागूं नये म्हणून तो बोलला नव्हता. सर्वांसमक्ष हें सांगतांना त्याचा कंठ दाटला. वडिलांनीं त्याला रागें भरलें नाहीं. ते एवढेंच म्हणाले, "आमच्यात असं दिसलं, तर आधी गाडी थांबिवत्यात, मग बाकीचं."

आम्हींहि तेंच केलें. "सांध्याच्या दुरुस्तीसाठीं गाडी बंद आहे" असा कागद लावला. बाप व लेक दोघांनीं मिळून ओल्या कुंचल्यानें डिंक भिजविला, सुईनें कण काढला, जीभ पुसली. तासाभरानें गाडी सुरू झाली. लोक परत येतील अशी आशा मला नव्हती. पण बहुतेक आले, आणि अंधार पडेपर्यंत गाडी एकदांहि घसरली नाहीं.

मला त्या पालकांस उत्तर द्यावयाचें आहे तें एवढेंच. परीक्षेच्या कागदावर चुकलेलें गणित लाल शाईनें कळतें, आणि तेंहि महिन्यानें. येथें तें त्याच क्षणीं, सर्वांदेखत कळतें. थोडक्यांत जो विश्वासू राहतो त्याच्या हातीं पुष्कळ सोंपवितां येतें, असें आपण शुभवर्तमानांत वाचतों. तें थोडकें किती थोडकें असतें, हें आमच्या मुलांनीं या वर्षीं मोजून पाहिलें. अर्धा मिलिमीटर भरलें.

तो कण एका लहान कांचेच्या बाटलींत घालून विज्ञानाच्या कपाटांत ठेवला आहे. पुढील वर्षीं काम सुरू करणाऱ्या मुलांनीं आधीं तो पाहावा.